स्टँड

आनंदनगरच्या सिग्नलपासून तो माझ्या मागे होता.
हिरवं हेल्मेट, हँडलला दुधाची रिकामी किटली,
आणि एका हाताने सारखे हातवारे.
काय ओरडत होता देव जाणे,
माझ्या कानांवर स्कार्फ, स्कार्फवर हेल्मेट,
शेजारी बसचा घरघराट.

मी वेग वाढवला.
पायाशी डबा होता. मऊ भात, मुगाचं वरण,
आणि श्रीपादला चालत नाही तरी
बोटभर लिंबाचं लोणचं, नुसतं वासाला.
हिंगण्याला तो डावीकडून आला, मी उजवीकडे सरकले.
विठ्ठलवाडीला मनातल्या मनात शिव्या घातल्या,
माहेरच्या, ठेवणीतल्या.
पर्समधला मिरचीचा स्प्रे आठवला.
तो पर्समध्ये नव्हता. फ्रीजवर होता.

राजाराम पुलाच्या सिग्नलला त्याने गाठलंच.
काच वर केली. साठीचा असेल. घामाघूम.
"अहो बाई, स्टँड! स्टँड खालीय तुमचा!
वळताना आपटाल, मग म्हणाल रस्ता वाईट.
केव्हाचा बोंबलतोय मी!"

आमची गाडी चौदा वर्षांची,
नव्या गाड्यांसारखं तिला आपलं आपण काही कळत नाही.
मी डावा पाय मारला. खटकन वर.
थँक्यू म्हणायला मान वळवली
तर तो यू-टर्न घेत होता,
किटली वाजवत, शिव्या पुटपुटत,
जिथून आलो होतो तिकडेच परत.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा हात थरथरत होते.
हौसामावशींनी डबा काढून घेतला.
"भात मी भरवते. तुम्ही आधी चहा घ्या.
तोंड बघितलं का आरशात? पेशंट कोण तेच कळेना."
आणि पायाने स्टूल सरकवलं माझ्याकडे.

सदतीस दिवस झाले, श्रीपाद बोललेला नाही.
शब्द गेले, उजवी बाजू गेली.
सदतीस दिवस मी त्याला फक्त आकडे सांगत होते:
बीपी एवढं, साखर एवढी,
मेडिक्लेमवाल्यांनी एवढे कापले.
त्या दिवशी पहिल्यांदा गोष्ट सांगितली.
हिरवं हेल्मेट सांगितलं, किटली सांगितली,
माहेरच्या शिव्या सांगितल्या, तेव्हा
पलीकडच्या खाटेवरचे तांबोळी हसले, खोकले,
पुन्हा हसले.
श्रीपाद छताकडे बघत होता.
ऐकलं की नाही, कळलं नाही.
लोणच्याची वाटी नाकाशी धरली,
डोळे मिटले त्याने.

परत येताना दांडेकर पुलाच्या अलीकडे
एका मुलीची ओढणी चाकाशी लोंबत होती.
मी हॉर्न वाजवला, हात केले, ओरडले.
तिने वेग वाढवला.
मग काय, मीही वाढवला.
माझं वळण मागे गेलं, जाऊ दिलं.
तिने शेवटी ओढणी ओढून घेतली
आणि माझ्याकडे अशी पाहिली,
जशी मी सकाळी पाहत होते.
बरं वाटलं, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी निघताना
किल्ली हातात, पर्स खांद्याला,
चादरीखाली श्रीपादचा डावा पाय हलला.
मला वाटलं, पेटका आला.
"मावशी!" म्हणून हाक मारली.
पाय पुन्हा हलला, या वेळी जोरात,
खालून वर, झटका देऊन.

मग त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.
वैतागला होता.
एकोणीस वर्षं गॅस बंद केला का, कुलूप ओढलं का,
विचारून विचारून वैतागायचा, अगदी तसा.
किल्लीकडे बघत होता,
माझ्याकडे, परत किल्लीकडे.
आणि पुन्हा तो पाय.

"हो रे बाबा," मी म्हटलं,
"उचलते. आधी तेच बघते."
जिन्यात दोन मजले उतरेपर्यंत
माझाही डावा पाय
उगीचच झटकत राहिला.